कार्यालयातलं लग्न: कोठीवाल्या मावशीकडून चार गोष्टी

मी दारव्ह्याकडच्या एका मंगल कार्यालयात कोठी सांभाळते. किराणा, तेलाचे डबे, भांडी, गॅसच्या टाक्या, आणि या सगळ्याची किल्ली माझ्या कमरेला. लग्नघरचे सगळे मला मावशी म्हणतात, नवरदेवाचे पांढऱ्या मिशांचे मामासुद्धा.

हॉल बुक करायला येणारा हमखास एक वाक्य बोलतो, "मावशी, कार्यालय घेतलं न, आता आपल्याले काही टेन्शन नाही." टेन्शन तिथूनच सुरू होते. घरासमोर मांडव पडला की गल्लीतला कोणीतरी न सांगता पाणी भरतो, कोणी पंगत उठवतो, कोणी चपलांकडे पाहतो. तीच माणसं कार्यालयात आली की पाहुणी होतात. इस्त्रीचे कपडे घालून खुर्चीवर बसतात आणि जेवण कधी सुरू होते ते पाहत राहतात. म्हणून कोणतं काम कोणाकडे, हे आठ दिवस आधी माणसाच्या नावानिशी ठरवा. "पोरं आहेत न, पाहून घेतील" असं म्हटलं की ते काम कोणीच पाहत नाही, हे लिहून घ्या.

तारीख काढताना

तुळशीचं लग्न लागलं की आमचा फोन वाजायला लागतो. पण आपल्याकडे तारीख पंचांगाइतकीच शेतावरही ठरते. दिवाळीपासून कापसाची वेचणी, जानेवारीत तूर, मग हरभरा आणि गहू. पैसा हातात येतो आणि माणूस मोकळा होतो तो मार्चच्या शेवटी, म्हणून सगळी लग्नं एप्रिल-मे मध्ये दाटतात, पारा ४५ च्या घरात असताना. माझं मत विचाराल तर फेब्रुवारीसारखा महिना नाही. ऊन सोसवते, अन्न टिकते, कार्यालयही घासाघीस करून मिळते. अडचणी दोन. घरात बारावीचं लेकरू असेल तर परीक्षा आडवी येते, आणि त्या दिवसांत गारपिटीचा नेम नसतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यानं पाहिली तो उघड्या लॉनवर स्टेज लावायच्या आधी बाजूला पक्कं छत आहे का, हे विचारतोच.

मे महिनाच घ्यायचा असेल तर गोरज मुहूर्त काढा. संध्याकाळी सहा-साडेसहाला मंगलाष्टकं, सातला जेवण. पण मग एक लक्षात ठेवा, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा मनाई आहे, आणि डीजेवाला "मी पाहतो" म्हणाला तरी पोलीस आल्यावर बोलायला मुलीच्या बापालाच जावं लागते.

दाट तिथी असेल तर हॉलच्याही आधी आचाऱ्याला पकडा. हॉल पुढच्या गावी मिळून जाईल. चांगला आचारी त्या दिवशी तीन ठिकाणी ऑर्डर घेऊन बसलेला असतो, आणि तुमच्याकडे येतो त्याचा साळा. त्याला सरळ विचारा, "भाऊ, त्या दिवशी तुम्ही स्वतः उभे राहाल का?"

हॉल पाहायला भर दुपारी जा

बहुतेक लोक संध्याकाळी, लायटिंग लागल्यावर हॉल पाहायला येतात. तेव्हा कोणताही हॉल छानच दिसतो. तुमचं लग्न दुपारचं असेल तर दुपारी बारा-एकला या. पत्र्याखाली किती तापते, ते पाच मिनिटं उभं राहून पाहा. नळ सोडून पाहा. संडास बायकांसाठी किती आहेत ते मोजा. "जनरेटर नुसता दाखवू नका, सुरू करून दाखवा" असं म्हणा. एकदा सुरू झाला की आवाजावरून मेकॅनिक नसलेल्यालाही कळते.

मग भाड्यात काय काय येते ते एका कागदावर घ्या, तोंडी नको. खुर्च्या किती, गाद्या किती, कूलर किती, बिछायत त्यांची की आपण बाहेरून आणायची, बाहेरचा आचारी चालतो का, डिझेल कोणाचं, टँकर कोणाचा, साफसफाईचे वेगळे पैसे आहेत का. हळद आदल्या रात्री असेल तर हॉल किती वाजता ताब्यात मिळतो? दुसऱ्या दिवशी किती वाजता सोडायचा? लाइट मीटरवर असेल तर ताबा घेताना आणि सोडताना मीटरचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. यावरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत. आदल्या दिवशी गळ्यात गळे घालणारे लोक शंभर युनिटसाठी एकमेकांचा बाप काढतात.

नवरदेवाकडच्यांचा जानोसा, म्हणजे वऱ्हाड उतरायची जागा, कुठे आहे तेही पाहा. आमच्यासारखी कार्यालयं गावाबाहेर, डांबरी रस्त्याला लागून असतात. नवरदेव जिथून निघतो ते मारोतीचं देऊळ तिथे नसते. मग नवरदेव कुठून निघणार, वरात ट्रकांच्या रस्त्यावरून येणार की आतल्या बाजूनं, क्रूझर गाड्या कुठे वळणार, हे बुकिंगच्या दिवशीच तिथे उभं राहून ठरवा. वऱ्हाड लांबून येणार असेल तर प्रासंगिक करारावर एसटी मिळते, आगारात लवकर अर्ज करा. चाळीस-पन्नास माणसं एकाच गाडीत येतात आणि एकाच वेळी पोचतात. वेळेच्या दृष्टीनं सहा क्रूझरपेक्षा एक बस बरी.

आणि हो, बुकिंगच्या वेळी आम्ही वयाचा दाखला मागतो. मुलगी १८, मुलगा २१. काही लोकांना राग येतो. पण २००६ च्या कायद्यानं बालविवाह लावणारा आणि त्याला हातभार लावणाराही अडकतो, म्हणून यात सूट नाही.

किती माणसं

पत्रिका किती छापल्या यावर जेवण ठरवू नका. यादी घेऊन बसा आणि प्रत्येक नावापुढे खूण करा, चूलबंद आवतण, म्हणजे अख्ख्या घराचं, आहे की एकट्याचं. गावातली ८० घरं चूलबंद असली तर घरी पाच धरून ४०० होतात. त्यातून त्याच दिवशी त्याच गावात दुसरं लग्न आहे का ते पाहा. असेल तर निम्मं घर तिकडे जाते. एकट्याच्या पत्रिकेवर शेजारगावचा माणूस मोटरसायकलवर येतो, म्हणजे दोघं येतात. बाहेरगावच्या सोयऱ्यांना आठ दिवस आधी फोन करून गाडीत किती जण आहेत तेच विचारा, "येता का" विचारू नका. "येतो" सगळेच म्हणतात.

कोठी

आता माझ्या घरात या.

आचारी जी यादी देतो ती नेहमी फुगलेली असते. त्याला वाईट म्हणत नाही मी, कमी पडलं तर शिव्या त्यालाच बसतात. पण तुम्ही त्याच्याकडून १०० माणसांची यादी घ्या आणि गुणाकार स्वतः करा. वरण, भात, पोळी, आलू-वांग्याची रस्सा भाजी, एक सुकी भाजी, भजे, बुंदी आणि मठ्ठा असा आपल्याकडचा सरळ बेत असेल तर माझं माप शंभर माणसांना असं आहे: तांदूळ ७ किलो, तुरीची डाळ ४ किलो, कणीक १० किलो, वांगी आणि आलू मिळून १३ किलो. यापेक्षा दीडपट लिहिणाऱ्याला कारण विचारा. बेत जितका वाढेल तितकं प्रत्येक पदार्थाचं माप कमी होते, हे कोणी लक्षात घेत नाही. पनीर आलं, पुलाव आला, चायनीजचा ठेला आला, तरी यादीत तांदूळ तेवढाच. मग संध्याकाळी भाताचे गंज, म्हणजे मोठी पातेली, गाईपुढे जातात.

किराणा परतीच्या बोलीवर घ्या. न फोडलेला तेलाचा डबा, साखरेचं पोतं, बेसनाची पाकिटं ओळखीचा दुकानदार परत घेतो, फक्त आधी बोलून ठेवा. त्यासाठी कोठीतलं सामान एकदम भट्टीकडे जाऊ द्यायचं नाही. एक माणूस किल्ली घेऊन बसेल, तोच काढून देईल आणि वहीत लिहील: किती दिलं, कोणाला दिलं, किती वाजता. तो माणूस मुलीचा काका किंवा मामा नको. त्याला दर पाच मिनिटांनी फोटोला बोलावतात, आणि तो जाताना किल्ली कोणालातरी देऊन जातो. शेजारचा निवृत्त मास्तर, सोसायटीत काम केलेला कोणी, किंवा ज्या बाईला "नाही" म्हणता येते अशी बाई बसवा.

भाताचं सांगते, कारण सगळ्यात जास्त वाया तोच जातो. पूर्ण तांदूळ एकदम लावू द्यायचा नाही. साठ टक्के लावायचा. उरलेला निवडून तयार ठेवायचा आणि बाजूच्या भट्टीवर आधण ठेवायचं. पहिल्या दोन पंगती उठल्या की अंदाज येतो. आधण उकळत असेल तर भात वीस-पंचवीस मिनिटांत होतो, तेवढ्या वेळात कोणी उपाशी राहत नाही. आलू-वांग्याच्या भाजीचं उलटं आहे. ती एकदमच करा, पण उशिरा. वांगी चिरून मिठाच्या पाण्यात टाकलेली, मसाला वाटलेला, आलू उकडलेले, सगळं तयार. वरात हलली असा फोन आला की फोडणी. सकाळी नऊला केलेली भाजी एक वाजता वाढली तर वांग्याचा गाळ होतो आणि वर तेलाचा थर येतो. गरम भाजीवर सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून टाकला की तो वास मंडपभर जातो आणि मग सत्काराची भाषणं आपोआप आटोपतात.

मे महिन्यात खव्याची मिठाई, बासुंदी, क्रीमचे गोड प्रकार ठेवू नका. बुंदी किंवा जिलेबी, बस. बर्फ कारखान्यातला असेल तर तो मठ्ठ्यात टाकायचा नाही. मठ्ठ्याचा गंज बर्फाच्या टोपल्यात ठेवायचा. आचाऱ्याचा पोरगा घाईत मठ्ठ्यात टाकतोच, तिथे लक्ष ठेवा.

पिण्याचं पाणी उन्हाळ्यात माणशी दोन-अडीच लिटर धरते मी. ५०० माणसांना वीस लिटरच्या साठ कॅन. पैकी दहा कॅन जेवणाच्या जागी नाही, वरात जिथे थांबते त्या दारात ठेवा. थर्माकोलच्या ताटल्या आणि वाट्या २०१८ पासून आपल्या राज्यात बंद आहेत. पळसाच्या पत्रावळी सांगितल्या तर अजूनही मिळतात आणि रस्सा त्यात चांगला राहतो, फक्त द्रोण तपासून घ्या.

बुफे ठेवा, माझं काही म्हणणं नाही. पण पन्नास-साठ माणसांची एक पंगत बसवाच. गावातले म्हातारे हातात ताट धरून उभे जेवत नाहीत. ते "भूक नाही" म्हणतात आणि घरी जाऊन भाकर खातात.

कूलर

हे लिहिण्याचं कारण असं की दरवर्षी तेच पाहते. लग्नघरचे लोक हॉलमध्ये शिरले की पहिलं काम काय करतात? थंडी बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या आणि दारं बंद. कूलर म्हणजे एसी नाही. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढून आत टाकतो. आतली हवा बाहेर जायला वाट नसेल तर अर्ध्या तासात हॉलमध्ये नुसती ओल साचते. चारशे माणसांचा घाम वाळत नाही, नवरीचा मेकअप ओघळतो आणि लोक म्हणतात, कूलर खराब आहेत. कूलरच्या समोरच्या बाजूच्या खिडक्या पूर्ण उघड्या ठेवा, कूलरच्या पाठीला मोकळी जागा द्या. फरक दहा मिनिटांत कळेल.

एका पोराला फक्त पाणी भरायचं काम द्या. भरताना बटण बंद, हे त्याला दोनदा सांगा. लोखंडी कूलरला अर्थिंग नसली तर करंट उतरतो, आणि हात लावायला नेमकी लेकरंच जातात. हळदीच्या आदल्या दिवशी इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक कूलर टेस्टरनं पाहून घ्या.

वरात आणि वेळ

पत्रिकेवर मुहूर्त ११ वाजून ४५ मिनिटं. आमच्याकडे मंगलाष्टकं सुरू होतात दीडला. मधले पावणेदोन तास संदलवाल्यांचे, म्हणजे वरातीपुढे वाजवणाऱ्यांचे. नाचणाऱ्या पोरांना दोष देऊन उपयोग नाही. वर्षभर रान तुडवलेली पोरं मित्राच्या लग्नात नाचणारच. मग वरात दीड तास आधी काढा आणि रस्ता कमी करा. संदल आणि बँड ठरवताना अर्धे पैसे असे बांधा की दारात बारापर्यंत पोचले तर मिळतील. वाजवणारेच मग पुढे सरकतात. शिवाय नवरदेवाकडचा एक माणूस आधीच हेरून ठेवा, ज्याला त्यांच्याकडची पोरं भितात. मुलीकडच्यानं "चला, उशीर होते" म्हटलं तर अपमान होतो. त्यांच्या मोठ्या काकानं म्हटलं तर वरात चालते.

मुहूर्त टळला तर टळू द्या, जेवणाची वेळ टाळू नका. साडेबाराला लेकरं, शुगरच्या आजाराची गोळी घेणारे म्हातारे, ड्रायव्हर आणि वाजवणारे यांना वाढून टाका. "नवरदेवाच्या आधी कसं जेवायचं" असं म्हणणारी एखादी आत्या निघते. तिला माझ्याकडे पाठवा. नवरीलाही सकाळी पोटभर खाऊ घाला, निदान दूध-केळं तरी. उपाशीपोटी शालू नेसून उन्हात बसलेली पोर बोहल्यावर चक्कर येऊन पडली, तर मंगलाष्टकं थांबतात आणि नातेवाईक कुजबुजतात ते वेगळंच.

वेळ खाणारी दुसरी गोष्ट स्टेजवरचे सत्कार. शाल, टोपी, दुपट्टा, मग आमदार येणार म्हणून थांबणं, मग माजी आमदार आले म्हणून परत सुरुवात. सत्कार जरूर करा, पण मंगलाष्टकांनंतर, लोक जेवत असताना. माईक ज्याच्या हातात आहे त्याला नावांची यादी द्या आणि यादीबाहेरचं नाव घ्यायचं नाही अशी ताकीद द्या. बौद्ध समाजातल्या लग्नांत त्रिसरण-पंचशील घेऊन विधी थोडक्यात होतो. तिथेही उशीर होतो तो भाषणांनीच.

अक्षतांचं एक. फरशीवर पडलेल्या तांदळावरून पाय सटकतो. पुढच्या रांगेत म्हातारी माणसं असतात, त्यांच्या हाती फुलांच्या पाकळ्या द्या, किंवा अक्षता पडल्याबरोबर झाडणारी बाई उभी ठेवा.

आहेर घेत असाल तर वहीवर दोन माणसं, एक लिहिणारा आणि एक मोजणारा, आणि थैली दर तासाला कुलपात. घेत नसाल तर पत्रिकेवर ठळक छापा. नवरीच्या खोलीची किल्ली एकाच मावशीकडे. दागिने, पेटी, रुखवताचं सामान, सगळं तिच्या ताब्यात, आणि तिनं फोटोला जायचं नाही.

पैशाचं मी फार बोलत नाही, ज्याचं त्याला कळते. पण आमच्याच भागातल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तनातून कर्ज काढून लग्न करू नका म्हणून सांगितलं, आणि आम्ही त्यांचा फोटो कार्यालयाच्या दारात लावतो. कापसाचे पैसे यायच्या आधी सावकाराकडून उचललेल्या रकमेवर एलईडीचं स्टेज उभं राहते तेव्हा त्या फोटोकडे पाहायला मला जड जाते.

निघताना

नवरीच्या आईचं ताट आधी काढून ठेवा, झाकून, नाव सांगून. मी स्वतः कोठीत ठेवते. पाठवणीनंतर चार वाजता ती बाई आठवण झाल्यावर जेवायला येते, तेव्हा भट्टीवाले भांडी घासत असतात.

उरलेलं अन्न चारच्या आत हलवा. उन्हाळ्यात वरण आणि भाजी संध्याकाळपर्यंत आंबते. कोणाला द्यायचं ते आदल्या दिवशी ठरलेलं असलं तर डबे घेऊन माणसं उभी असतात. आश्रमशाळा, वसतिगृह, बाजूच्या शेतावरचे मजूर. शिळं झाल्यावर दान करू नका.

भांडी मोजून घेतली तशी मोजून द्या. गंज, परात, झारे, पाण्याचे जग. जग नेहमी दोन-तीन कमी भरतात, कारण ते क्रूझरमधून वऱ्हाडाबरोबर जातात. गाड्या सुटायच्या आधी एका पोराला प्रत्येक गाडीत डोकावायला लावा. मग मीटरचा फोटो, मग डिपॉझिट.

एक काम मात्र भटजी जायच्या आधी करा. विवाह नोंदणीचा अर्ज, नमुना ड, ग्रामपंचायतीतून आधीच आणून ठेवा. त्यावर लग्न लावणाऱ्याची सही लागते आणि तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. भटजींना त्या दिवशी पुढच्या गावचा मुहूर्त असतो. ते एकदा मोटरसायकलवर बसले की सहीसाठी पंधरा दिवस त्यांच्या मागे फिरावं लागते. साक्षीदार तर तिथेच आहेत, सगळे जेवून बसलेले. अर्ज, पत्रिका, वयाचे दाखले, हार घातलेला फोटो एका पिशवीत घालून नवरदेवाच्या भावाकडे द्या, आणि ९० दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करून घ्या. पुढे नाव बदलायला, बँकेत, रेशनकार्डावर, सगळीकडे हाच दाखला मागतात.